सहवासाचा पुरावा

लिडिया मार्कोव्हना सावित्स्काया यांचा राखाडी लोकरी कोट प्रयोगशाळेत आला तो मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी. कागदी पिशवीवर नाव, तारीख आणि ‘जिना, तिसरा व चौथा मजला यांच्या मध्ये’ एवढंच लिहिलेलं होतं. डॉ. रेवती ठोंबरेनं पिशवी ताब्यात घेतल्याची सही केली आणि हातमोजे चढवले.

वोल्गाकाठच्या स्तारोवोल्स्क शहरात लिडिया मार्कोव्हनांना न ओळखणारं कुणी नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि मग प्रांताच्या विधिमंडळात निवडून आल्या होत्या. तिथं दोन वर्षं त्या एकच प्रश्न विचारत होत्या: शहराचं नदीबंदर नेमकं कुणाच्या मालकीचं आहे? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. शहराबाहेरच्या सरोवराकाठी पाइनच्या रांगेत पाचसहा मोठी घरं होती. उपराज्यपाल, बंदराचा खरा मालक, वरिष्ठ न्यायाधीश, पोलीसप्रमुख अशी माणसं तिथं राहत. लोक त्यांना ‘सरोवरवाले’ म्हणत, तेही घरात आणि हळू आवाजात. शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या आत बाई आपल्याच इमारतीच्या जिन्यात दोन गोळ्या लागून मेल्या. पिस्तुलाचा आवाज कुणी ऐकला नाही.

रेवती मूळची यवतमाळची. अठराव्या वर्षी डॉक्टर व्हायला म्हणून ती रशियात आली. आईवडिलांना वाटत होतं, सहा वर्षांत परत येईल. पण तिथल्या न्यायवैद्यक संस्थेत प्राध्यापक ग्लेब अर्कादियेविच तुमानोव्ह यांनी तिला हाताशी धरलं आणि वसतिगृहाची लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या आर्सेनी बेलोव्हनं तिला लग्नाचं विचारलं. आता ती चाळीस वर्षांची होती. तुमानोव्ह संस्थेचे संचालक होते, आर्सेनी अजूनही लिफ्टच दुरुस्त करत होता, आणि रेवतीच्या नावावर एक शोध होता.

शोध समजायला अवघड नाही. आपण कुठंही बसलो तरी आपल्या अंगावरून तासाला लाखो कण झडत असतात. मेलेली त्वचा, श्वासातला ओलावा आणि त्यांवर बसलेले जिवाणू. या जिवाणूंचं मिश्रण प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. म्हणजे प्रत्येक जण आपल्याभोवती स्वतःचा एक अदृश्य ढग घेऊन वावरतो, आणि जवळ येणाऱ्याच्या कपड्यांवर त्यातला थोडा ठेवून जातो. हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. अडचण अशी की त्या खुणेवर तारीख नसे. कोण आलं ते कळे, कधी आलं ते कळत नसे. रेवतीनं नऊ वर्षं खपून तारीख शोधली. झडलेल्या पेशीतला डीएनए हवेत तुटत जातो. लांब धाग्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे. तापमान आणि दमटपणा माहीत असला, तर तुटण्याचा वेग ठरलेला असतो. तुकड्यांची लांबी मोजली की किती तास झाले ते सांगता येतं. लोकर हे कण घट्ट धरून ठेवते, त्यामुळे एखादा कोट जणू रोजनिशी लिहीत असतो.

आणखी एक गोष्ट तिला योगायोगानं सापडली होती. माणूस फक्त स्वतःचाच ढग वाहत नाही. वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्या नवराबायकोच्या ढगांत एकमेकांचा जवळजवळ एकतृतीयांश वाटा असतो. एखाद्या बंद, गरम, ओलसर खोलीत तासभर एकत्र बसलेली माणसंसुद्धा पुढं दोनतीन दिवस एकमेकांना अंगावर बाळगतात.

हे तंत्र तिनं इस्पितळातला संसर्ग कुणाकडून कुणाकडे गेला ते शोधायला बनवलं होतं. पोलिसांनी ते उचललं, तेव्हा तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मंगळवारी दुपारी यंत्रानं निकाल दिला. कोटावर दोन अनोळखी पुरुषांचे ताजे ढग होते. एक सहा विसाचा, क्षणभराचा, अगदी जवळून आलेला. दुसरा त्याआधी पाच मिनिटांचा, थोडा जास्त वेळ सोबत असलेला, पण अर्धवट. खाली एक टीप होती: ‘कर्मचारी क्र. ४ चा अंश वजा केला आहे.’

क्रमांक चार म्हणजे रेवती स्वतः. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे ढग यंत्रात नोंदवलेले असत. हाताळताना त्यांचा अंश पुराव्यात मिसळला तर यंत्र तो आपोआप वजा करी. मोजे नीट घातले नसतील म्हणून रेवती स्वतःवरच चिडली. तिनं कोटाच्या खांद्याच्या आतल्या शिवणीतून नवा नमुना घेतला. तिथं तिचं बोट लागलेलं नव्हतं. टीप तीच आली.

मग तिनं त्या वजा केलेल्या अंशाचं वय पाहिलं. तो सोमवारचा नव्हता, शनिवारी संध्याकाळी सव्वासहाचा होता.

शनिवारी सव्वासहाला रेवती घरी होती. यवतमाळला आई झोपायच्या आत तिच्याशी बोलून घ्यावं म्हणून तिनं लवकर फोन लावला होता आणि आई तिला नव्या फरशीचे रंग दाखवत होती. लिडिया मार्कोव्हनांना ती आयुष्यात कधी भेटली नव्हती.

तिनं यंत्रातली वजाबाकी बंद केली. तो दुसरा, अर्धवट ढग लगेच पूर्ण झाला. दोनतृतीयांश एक पुरुष आणि एकतृतीयांश ती. पुरुष कोण हे सांगायला यंत्राची गरज नव्हती. पडद्यासमोर ती किती वेळ बसून होती ते तिला नंतर कधी आठवलं नाही. एवढंच आठवलं, की कुणीतरी येऊन बाहेर बर्फ पडतंय, लवकर निघा, असं सांगून गेलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा आर्सेनी बीटचं सार गरम करत होता. कोट न काढता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि शनिवारी सहा वाजता तो कुठं होता ते तिनं विचारलं. आर्सेनीनं गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि खुर्चीवर बसला. जणू या प्रश्नाची तो तीन दिवस वाट पाहत होता.

त्यानं काही लपवलं नाही. सरोवरवाल्यांच्या घरांतल्या लिफ्टही त्याच्याच कंपनीकडे होत्या. तिथला कारभारी रुस्लान गुरुवारी त्याला म्हणाला होता, शनिवारी अमुक इमारतीतली लिफ्ट साडेपाच ते सात बंद ठेव, बाईंशी एकाला जिन्यात दोन शब्द बोलायचे आहेत. आर्सेनी कां-कूं करू लागला तेव्हा रुस्लाननं फक्त विचारलं, तुझी बायको परदेशी आहे ना, तिचा राहण्याचा परवाना पुढच्या वर्षी संपतो ना?

शनिवारी एक माणूस आला. बंद लिफ्टच्या डब्यात दोघं अर्धा तास शेजारी उभे राहिले, बोलले नाहीत. मग तो माणूस वर गेला. थोड्या वेळानं लिडिया मार्कोव्हना बाजारातून आल्या. त्यांच्या हातात बटाट्यांची जड पिशवी होती. आर्सेनीनं ती दुसऱ्या मजल्यापर्यंत उचलून नेली, त्यांच्या हातात दिली आणि तो खाली परतला. काही मिनिटांनी तो माणूस जिना उतरून त्याच्यासमोरून निघून गेला. वर काय झालं ते पाहायला आर्सेनी गेला नाही.

“ते काय करणार हे तुला माहीत होतं?” रेवतीनं विचारलं.

“माहीत नव्हतं असं मी म्हणू शकतो, रेवा. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही.”

सार तसंच राहिलं. रेवतीनं त्याच्याकडे शनिवारी अंगात असलेलं जाकीट मागितलं. त्यानं ते खुंटीवरून काढून घडी करून दिलं. धुतलं होतंस का, असं तिनं विचारलं. नाही, तो म्हणाला, हात लावावासा वाटला नाही.

जाकिटानं जे सांगितलं ते कोटाला सांगता आलं नसतं. बंद डब्यातल्या अर्ध्या तासात मारेकऱ्याचा ढग त्यावर दाट बसला होता, आणि त्या ढगात आणखी सहा जणांचे पातळ वाटे होते. सगळे एकाच वेळचे, शुक्रवार संध्याकाळचे. सोबत भिजलेल्या बर्च लाकडावर आणि गरम वाफेत वाढणारे जिवाणू होते. ती जागा बान्या होती, रशियन लोक एकत्र बसून घाम काढतात ते वाफेचं स्नानघर. सरोवरवाले महत्त्वाचं बोलणं फक्त तिथंच करत हे शहराला माहीत होतं. फोन नाही, घड्याळ नाही, अंगावर कपडासुद्धा नाही, त्यामुळे कुणी काही टिपण्याचा प्रश्नच नव्हता. पण श्वास सगळे तीच हवा घेत होते.

सहापैकी पाच नावं शोधायला कष्ट पडले नाहीत. आपल्या घरात परका कोण येऊन गेला हे कळावं म्हणून या मंडळींनी स्वतःचे ढग संस्थेत हौसेनं नोंदवून ठेवले होते. सहावा ढग रेवतीनं वजाबाकी पुन्हा सुरू केल्यावर नाहीसा झाला. तो कर्मचारी क्रमांक एकचा होता.

ती निकाल घेऊन गेली तेव्हा ग्लेब अर्कादियेविच तुमानोव्ह यांनी तिला दार लावून घ्यायला सांगितलं आणि स्वतः चहा ओतला. वीस वर्षांत त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. महिन्यातून एकदा आपल्याला तिकडं बोलावतात हे त्यांनी मान्य केलं. गेलं नाही तर या संस्थेचं छप्पर राहणार नाही, यंत्रं राहणार नाहीत, असं ते म्हणाले. त्या शुक्रवारी कोपऱ्यात एक अनोळखी माणूस बसला होता. तो कोण हे त्यांनी विचारलं नव्हतं. ‘विचारलं नाही’ हे शब्द रेवतीनं दोन दिवसांत दुसऱ्यांदा ऐकले.

“तुला काहीच खोटं लिहायचं नाही,” ते म्हणाले. “वजाबाकी चालू राहू दे. नियमच आहे तो. दोन अनोळखी पुरुष, एक ढग अर्धवट. आर्सेनी वाचेल.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हातारा आहे, रेवती. मी माझ्यासाठी बोलत नाहीये.” त्यांनी चमचा बशीत ठेवला. “थोडं माझ्यासाठीही बोलतोय.”

त्यानंतर दहा दिवस अहवाल तिच्या टेबलावर अपुरा पडून होता. आर्सेनी कामावर जात होता, येत होता. दोघं एका पलंगावर झोपत होती आणि बोलायचं टाळत होती. रेवतीला त्याचा राग यायचा आणि पुढच्याच क्षणी आठवायचं, की परवाना आपला होता. ती यवतमाळला परत गेली असती, तर रुस्लानकडे त्याला धमकावायला काही उरलं नसतं. या हिशेबाला अर्थ नाही हे तिला कळत होतं, तरी तो डोक्यातून जात नव्हता.

त्या दिवसांत प्रयोगशाळेच्या बोळातल्या बाकावर रोज सकाळी एक म्हातारा येऊन बसे. लिडिया मार्कोव्हनांचे वडील, मार्क इल्यिच. वय त्र्याऐंशी. हयातभर त्यांनी नदीवर मालवाहू बोटी हाकल्या होत्या आणि इंजिनांच्या आवाजानं कान गेले होते. अहवाल झाला का, एवढंच ते विचारत. नाही म्हटलं की मान हलवत आणि दुपारपर्यंत तिथंच बसत. एकदा आर्सेनी रेवतीला घ्यायला आला तेव्हा म्हातारबुवा उठताना अडखळले. आर्सेनीनं त्यांना दंडाला धरून सावरलं आणि दारापर्यंत नेलं. त्यांनी आभार मानले. आर्सेनी गाडीत येऊन बसला, पण गाडी सुरू करेना.

“लिही, रेवा,” तो म्हणाला.

“तुला समजतंय ना काय होईल?”

“मला बाकी कुणाचं काही करता येणार नाही. माझ्या जाकिटावर ते सगळे आहेत, तर ते जाकीट मीच घेऊन जातो.”

तिनं त्याला अडवायला हवं होतं का, हा प्रश्न तिला पुढं कायम छळत राहिला. तिनं अडवलं नाही. चौदा पानांचा अहवाल तिनं वजाबाकीशिवाय लिहिला, त्याच्या प्रती राजधानीतल्या आणि परदेशातल्या तिच्या विषयातल्या लोकांना पाठवल्या, आणि आर्सेनी जाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या पायांनी सरकारी वकिलाच्या कचेरीत गेला.

सुरुवातीला वाटलं, काहीतरी होतंय. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी सहा नावं छापली. सरोवराकाठची दोन घरं काही दिवस बंद होती. मे महिन्यात मारेकरी सापडला, जंगलातल्या एका गाडीत, मेलेला. ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला आणि न्यायालयानं रेवतीचा अहवाल मधोमध कापला. पहिली सात पानं, ज्यात कोटावर आर्सेनी होता, ती ग्राह्य धरली. उरलेली सात, ज्यात दुसऱ्याच्या अंगावरून आलेल्या वाट्यांचा विचार होता, ती शास्त्रीयदृष्ट्या अपरिपक्व ठरवून बाजूला काढली. तसं तज्ज्ञ-मत देणाऱ्या कागदावर सही तुमानोव्ह यांची होती. आर्सेनीला तेरा वर्षांची शिक्षा झाली. निकालपत्रात लिहिलं होतं, की आरोपीनं वैयक्तिक कारणांवरून हे कृत्य घडवून आणलं.

आणि मग तंत्र परिपक्व झालं. त्याच वर्षीच्या थंडीत कायदा आला, की ओळखपत्राचं नूतनीकरण करताना प्रत्येक नागरिकानं आपला ढग नोंदवावा. लिडिया मार्कोव्हनांच्या पहिल्या स्मृतिदिनी लोकांनी जिन्याच्या दाराशी फुलं आणि लोकरीच्या फिती ठेवल्या. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या गाडीनं त्या उचलल्या. आठवड्याभरात त्रेचाळीस माणसांना चौकशीला बोलावणं आलं. कुणी कुणाशेजारी उभं राहून किती मिनिटं शोक केला, हे पोलिसांकडे लिहून तयार होतं. त्यात बाईंच्या शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या. त्यांची नोकरी गेली.

हे कळलं त्याच दिवशी रेवतीनं राजीनामा लिहिला. तोवर महिन्यातून एकदा ती कुणाला न सांगता स्वतःच्या मफलरचा नमुना यंत्रात घालत असे. आर्सेनीला नेलं तेव्हा तिच्यात त्याचा वाटा एकतीस टक्के होता. दोन महिन्यांनी अठरा झाला. नाताळात चार. त्याच्या उशीचा अभ्रा तिनं मुद्दाम धुतला नव्हता, त्याच्यावर डोकं ठेवून ती झोपत असे, पण जिवंत माणसाची जागा अभ्रा घेऊ शकत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. शेवटच्या नमुन्यात यंत्रानं तिचा ढग पूर्ण दाखवला. त्यात दुसरं कुणीही नव्हतं.

एप्रिलमध्ये तिच्या परवान्याची मुदत संपत होती आणि अर्ज नाकारल्याचं पत्र आलं होतं. देश सोडण्याआधी तिला आर्सेनीला एकदा भेटायची परवानगी मिळाली. तुरुंग शहरापासून सहा तासांवर होता. तिकडं जायच्या आदल्या दिवशी मार्क इल्यिच तिच्या दारात उभे राहिले. ते इतके जिने चढून आले होते की त्यांना धाप लागली होती. मला त्या माणसाला भेटायचं आहे, ते म्हणाले, पोरी, मला घेऊन चल. कशासाठी, हे विचारायचं तिचं धाडस झालं नाही.

भेटीच्या खोलीत जाड काच होती. पूर्वी नवराबायकोला एका टेबलाशी बसू देत. आता कैद्याची हवा बाहेर जाता कामा नये असा नियम झाला होता, आणि तो का झाला हे रेवतीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक रिसीव्हर होता. आर्सेनी बारीक झाला होता, केस कापलेले होते. म्हाताऱ्याला पाहून तो उभाच राहिला. पहारेकऱ्यानं खांदा दाबून त्याला बसवलं.

मार्क इल्यिचना रिसीव्हरमधलं ऐकू येत नव्हतं. म्हणून रेवतीनं तो आपल्या कानाला लावला आणि आर्सेनी बोलेल ते मोठ्यानं सांगायचं ठरलं.

“कुणी सांगितलं, कुणी मारलं, ते मला नकोय,” मार्क इल्यिच म्हणाले. “ती सगळी नावं मला माहीत आहेत. माझ्या मुलीबरोबर शेवटचा तू होतास. ती काही बोलली का, एवढं सांग.”

रेवतीनं ते रिसीव्हरमध्ये सांगितलं. आर्सेनी बोलू लागला आणि रेवती त्याचे शब्द एकेक करून म्हाताऱ्याच्या कानाशी पोचवू लागली.

“त्या म्हणाल्या, मी चढेन चालत, मला काही नाही.”

“पुढं?”

“त्या म्हणाल्या, पण सात वाजता माझे वडील जेवायला येणार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात. तोवर लिफ्ट चालू होईल का?”

मार्क इल्यिचनी तिच्याकडे पाहिलं. “मग तू काय म्हणालास?”

रेवतीला पुढचं वाक्य ऐकू आलं. जसं आलं तसंच तिनं ते म्हटलं, “मी म्हणालो, होईल. सातला पाच कमी असताना मी ती चालू केली.”

म्हातारबुवांनी सावकाश मान हलवली.

“हो,” ते म्हणाले. “मी लिफ्टनंच वर गेलो. पंधरा मिनिटं घंटा वाजवत होतो. म्हटलं, बाजारातून यायला उशीर झाला असेल.”

रेवतीनं हे काचेपलीकडे सांगितलं. आर्सेनीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. रिसीव्हर त्याच्या गुडघ्यावर पडला.

मार्क इल्यिच काठीला धरून उठले. उरलेला वेळ तुमचा दोघांचा आहे, मी बाहेर बसतो, असं रेवतीला म्हणून ते सावकाश पावलं टाकत दारापर्यंत गेले. पहारेकऱ्यानं त्यांच्यासाठी दार उघडलं आणि मागं लावून घेतलं.

पाच मिनिटं उरली होती. आर्सेनीनं रिसीव्हर उचलून पुन्हा कानाला लावला. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता आणि वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत रेवती तो ऐकत राहिली.